शेवंतीचं पिंप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना अर्धं ठाऊक आहे, देवाला सगळं ठाऊक असेल — पण असं कुणाच्या समोर बसून, तोंडाने, कधीच नाही. आणि बघा, आतासुद्धा मी मालवणीत बोलत नाहीये. पाहुण्यांशी बोलायची जी मराठी असते ना — ‘या, बसा, प्रवास कसा झाला’ वाली — तीच वापरतेय. मालवणीत सुरुवात केली की समोर शेवंती येऊन बसते. मग पुढे शब्द फुटत नाही.

शेवंती माझी शेजारीण. आम्ही देवबागच्या. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक गडगा — चिऱ्यांची कमरेएवढी भिंत, मधेच ढासळलेली. त्या खिंडारातून आमचं येणंजाणं. लग्न होऊन आले तेव्हापासून मीठमिरची, माशांचं कालवण, भांडणं, सगळं तिथूनच.

तिची मुलगी सायली डेंग्यूने गेली. सतरा वर्षांची होती. आणि शेवंतीला आजही वाटतं, की घरातल्या पाण्याच्या पिंपाने, म्हणजे तिच्या स्वतःच्या आळसाने, तिची मुलगी मारली. तसं झालेलं नाही. ते तसं झालेलं नाही हे मला माहीत आहे. आणि मी ते तिला सांगितलेलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, ही कुणी तरी गरीब, घाबरट बाई असणार. छे! मी वाडीतली सगळ्यांत फाटक्या तोंडाची. आमच्याकडे पाहुण्यांना चार खोल्या आहेत. कुणी ओला टॉवेल तुळशीवर वाळत टाकला तर मुंबईचा साहेब असो नाहीतर पुण्याचा, मी त्याला तिथल्या तिथे सोलून काढते. सरपंचालाही मी सोडलेलं नाही. एवढं तोंड असलेल्या बाईला दोन वेळा खरं बोलता आलं नाही. दोनच वेळा. पण त्या दोन वेळा कोणत्या होत्या, ते ऐका.

पिंपाचं आधी सांगते. आमच्या विहिरीचं पाणी खारट. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. त्यामुळे घरोघर पिंप असतंच. शेवंतीचं निळं, तिच्या छातीएवढं. दर सोमवारी सकाळी ती ते आडवं पाडायची, अर्धं अंग आत घालायची आणि नारळाच्या सोडणाने, म्हणजे वरच्या काथ्याने, घासायची. खर्रर्र खर्रर्र — अर्धा तास! माझा चहा त्या आवाजात जायचा. मी गडग्यावरून ओरडायची, “शेवंत्या, पिंप घासतंस काय खरवडून खातंस गो?” ती आतून काही तरी बोलायची, पण पिंपात सगळं घुमायचं, मला काही कळायचं नाही. पाऊस असो, उपास असो, तिचा सोमवार कधी चुकला नाही. हे एवढं लक्षात ठेवा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आमची होडी.

ती माझ्या सासऱ्यांची. लाकडी, जुनी. ह्यांनी पाहुण्यांना फिरवायला इंजिनाची बोट घेतली तेव्हापासून ती होडी माडाखाली, गडग्याला लागून उभी. मोडायची नाही, विकायची नाही — लक्ष्मी ती. नारळी पौर्णिमेला तिला हळदकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. आणि आमच्या घरातला एक नेम असा, की घरचा माणूस पाण्यावर जातोय तोवर घरची होडी पालथी करायची नाही. सासूने मला पहिल्याच पावसात बजावलं होतं. मी एकदा साधी परात पालथी घालून वर ‘होडी झाली बघा’ म्हणाले, तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तर ती होडी बाराही महिने उताणीच. पावसाळ्यात वर ताडपत्री, त्यावर झावळं. ताडपत्री फाटलेली. आत गुडघाभर पाणी. तळाला पाणी सोडायचं बूच असतं, ते फुगून इतकं घट्ट बसलेलं की कोण झटापट करणार?

गावडे म्हणून आरोग्यसेवक आमच्याकडे यायचा. बॅटरी घेऊन घरोघर पिंपात, टाकीत, कुंड्यांखाली बघायचा. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर आला, त्याने ताडपत्री उचलली आणि म्हणाला, “वैनी, ही पालथी घालूक होयी.” मी म्हटलं, भाऊ, घरात माणूस खाडीत जाळं घेऊन जातो, आणि मी होडी पालथी घालू? तुझी आई तुझ्या घरी घालेल का? तोही किनाऱ्यावरचाच. मग खाली बसून मला नीट समजावलं — ते मच्छर स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतात, पायांवर पांढरे पट्टे असतात, दिवसा चावतात, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. हे सगळं मला नंतर कळलं, असं सांगायला मला किती आवडलं असतं! पण नाही. मला आधी कळलं होतं.

पुढच्या खेपेला बिचारा प्लास्टिकच्या पिशवीत गप्पी मासे घेऊन आला. होडी पालथी करायची नसेल तर हे आत सोडा, अळ्या खातात. मी हसले. म्हटलं, आमच्याकडे सुरमई-पापलेटचं चालतं आणि तू हे नखाएवढे मासे आणलेस? पिशवी न्हाणीघराच्या खिळ्याला अडकवली. तेवढ्यात पाहुण्यांचा फोन आला. तिसऱ्या दिवशी बघते तर सगळे मासे पांढरी पोटं वर करून. मांजरीला घातले.

नंतर गावडेने विचारलं, सोडले ना? मी म्हटलं, सोडले. पावसाची सर आली होती, त्याला पुढची घरं उरकायची होती. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि कागदावर लिहून घेतलं.

म्हणजे बघा, रीत आड आली असं म्हणायचीही सोय मी ठेवली नाही. होडी पालथी न घालता करायचा उपाय माझ्या खिळ्याला लटकत होता.

सायली त्या होडीच्या काठावर बसायची. कारण तिथेच मोबाइलला रेंज यायची. तिच्या घरात नाही, माझ्या घरात नाही — होडीच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, तेवढी. बारावीला होती, मालवणला कॉलेजात. दुपारी एसटीने घरी आली, जेवली, की खिंडारातून उडी मारून होडीवर. कानात वायर, मांडीवर वही, आणि पाय सतत खाजवायची. सुट्टीत माझ्याकडे घावणे घालायला यायची. एकही घावणा गोल नाही. मी म्हणायचे, तुझ्या सासरी माझं नाव सांगू नकोस हो. ती म्हणायची, काकी, तुझाच नाव सांगतलंय.

एकदा मला हाक मारली. “काकी, होडयेत किडे वळवळतत गो.” मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, “ते तुका चावतत? नाय मा? मगे बस गप.” ती हसली, आणि बसली गप.

आषाढ सरता सरता आमच्याकडे मुंबईचे एक गृहस्थ आले. अंगात ताप होता. दोन दिवस खोलीत पडून राहिले, पेज खाल्ली, गेले. बारा-पंधरा दिवसांनी आमचे हे पडले. ताप कसला, भट्टी! डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणून डोळे उघडेनात, हाडं मोडल्यासारखी. मालवणला डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासलं. डेंग्यू.

डॉक्टर शांतपणे बोलले. म्हणाले, दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा, ह्यांना चावलेला मच्छर दुसऱ्याला चावला तर त्याला होतो. आरोग्य केंद्रात कळवा, आजूबाजूला बघायला लागेल. आणि मग म्हणाले — हे शब्द मला तोंडपाठ आहेत — ताप उतरला म्हणजे बरं झालं असं समजू नका. ताप उतरल्यावरचे दोन दिवस जपायचे. पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या, माणूस गळून गेला, तर घरी थांबायचं नाही. तसंच उचलून आणायचं.

हे बरे झाले. पोटात दुखलं नाही, उलट्या नाहीत. पण मी आरोग्य केंद्रात कळवलं नाही. मच्छरदाणीत त्यांना उकडायचं, म्हणून पडवीत खाटेवर झोपायचे, गडग्याच्या बाजूला वारा येतो तिथे. कुणी विचारलं तर मी सांगायची, व्हायरल आहे, हवा बदलली ना. ह्यांनी एकदा म्हटलं, शेजाऱ्यांना सांगायला हवं. मी त्यांच्यावर अशी धावून गेले! गणपतीला चारही खोल्या ठरलेल्या होत्या. दोन कुटुंबं तर लहान मुलांना घेऊन येणार होती. डेंग्यू झालेल्या घरात कोण मुलं घेऊन उतरेल? आणि आमच्या देवबागात गोष्ट फुटली की मालवणच्या बाजारात पोचायला रिक्षाएवढा वेळही लागत नाही.

नारळी पौर्णिमा आली. मी होडीला हळदकुंकू लावलं. वाकले तेव्हा ताडपत्रीच्या फटीतून आतलं पाणी दिसलं. वरचा थर हलत होता. मी हात जोडले, नारळ ठेवला, आणि निघून आले.

पुढच्याच मंगळवारी सायलीला ताप आला. शेवंतीने आल्याचा काढा दिला, गोळी दिली, पपईच्या पानांचा रस पाजला. रविवारी पहाटे पोर बेशुद्ध व्हायला आली. आमच्या ह्यांनीच गाडी काढली. मालवण, तिथून जिल्ह्याचं मोठं इस्पितळ. रक्त चढवलं, काय काय केलं. शुक्रवारी दुपारी गेली.

बघितलंत? मंगळवारवरून मी सरळ रविवारवर उडी मारली. मनातल्या मनात हे सांगतानासुद्धा मी दरवेळी अशीच उडी मारते. मधे एक शनिवार होता.

शनिवारी सकाळी शेवंती खिंडारातून धावत आली. केस मोकळे, चेहरा असा फुललेला! “ताप उतरलो गो बाय! चेडवाचा अंग थंड पडला!” आणि माझ्या तोंडात साखर कोंबली. मी तिच्याबरोबर गेले. सायली भिंतीला टेकून बसली होती. पेज मागितली होती तिने, दोन घोट घेतले आणि ओकली. पोटावर हात दाबून धरला होता. तिथेच बोट दाखवून म्हणाली, काकी, हडे दुखता. ओठ पांढरे. हाताला हात लावला तर थंड — पण बरं झालेल्या माणसाचा नव्हे, चिखलात ठेवलेल्या भांड्यासारखा थंड आणि ओला.

डॉक्टरांचा एकेक शब्द माझ्या कानात उभा राहिला. एकेक शब्द! पोटात दुखलं तर. उलट्या झाल्या तर. ताप उतरल्यावर.

आणि शेवंतीने मला विचारलं. म्हणजे मी आपण होऊन सांगितलं नाही, एवढंच असतं तरी एक वेळ — नाही, तिने विचारलं. “तुझ्या घोवाचाय असाच झालेला मा गो? पोटात दुखी?”

काय सांगायला हवं होतं? एवढंच की ह्यांना डेंग्यू होता, हिलाही तोच दिसतोय, हिला आत्ता उचल, चल. दहा शब्द पुरले असते. गाडी दारात होती. मालवण तिथून किती लांब? पण ‘डेंग्यू’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — मग तू बोलली का नाहीस? आणि त्याच्या पुढचा — कुठून आला? मी काय म्हटलं ठाऊक आहे?

“व्हय गो, होता असा. अशक्तपणा तो. उद्या बरी होतली.”

असं बोलून मी घरी आले आणि पाहुण्यांच्या चादरी धुवायला टाकल्या. दिवसभर गडग्याकडे कान. एकदा वाटलं जावं, सांगावं. मग वाटलं, ह्यांना कुठे काय झालं होतं, सगळ्यांनाच थोडं होतं? संध्याकाळी शेवंतीच्या घरात देवापुढे दिवा लागलेला दिसला, आवाज नव्हता, म्हणून मी स्वतःची समजूत घातली की पोर झोपली असेल. दुसऱ्या दिवशी हे इस्पितळातून परत आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, डॉक्टर विचारत होते, काल का नाही आणली. एवढंच. पुढे माझ्याकडे बघत राहिले. मी आत गेले.

आदल्या दिवशी नेली असती तर वाचली असती? कुणी सांगावं! कदाचित नसतीही. रोग वाईट. पण तो एक दिवस शेवंतीच्या मुलीचा होता आणि तो मी माझ्याकडे ठेवून घेतला, गणपतीच्या चार खोल्यांसाठी.

ही झाली पहिली वेळ.

सायली गेल्यावर चौथ्या दिवशी पथक यायचं होतं. गावडेने आदल्या दिवशी वाडीत निरोप दिला होता, मोठे साहेब येणार, घरोघर बघणार. मी सकाळी उठले, ताडपत्री ओढून काढली आणि बालदीने पाणी उपसायला लागले. हातोडीने ठोकून ठोकून बूच काढलं. जे बूच इतकी वर्षं निघत नव्हतं ते सात-आठ घावांत निघालं. पाणी वाळूवर आलं आणि वाळूने पिऊन टाकलं. मागे राहिलेलं वळवळणारं कोंबड्यांनी टिपलं. मी होडी फडक्याने पुसली. पुसता पुसता नाळेपाशी एक पेनचं निळं टोपण सापडलं. ते अजून माझ्याजवळ आहे.

पथक आलं. साहेबांनी माझी होडी बघितली, कोरडी ठणठणीत. म्हणाले, छान. गावडे माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असेल का? असेल. पण त्याच्या कागदावर ‘मासे सोडले’ असं त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं.

मग शेवंतीच्या घरी गेले. घर म्हणजे काय, सुतकाची माणसं, भिंतीला टेकून बसलेली शेवंती. पिंपात बॅटरी मारली. अळ्या होत्या.

असणारच होत्या! पंधरा दिवस त्या पिंपाला कुणाचा हात लागला नव्हता. ज्या सोमवारी घासायचं त्या सोमवारी बाई इस्पितळात मुलीच्या उशाशी होती. पुढच्या सोमवारी घरात सुतक. त्या अळ्या सायली आजारी पडल्यानंतरच्या. पहिलीतल्या पोरालाही हा हिशोब कळला असता, जर कुणी सांगितलं असतं की ही बाई त्याआधी दर सोमवारी पिंप घासत होती.

साहेब वाईट माणूस नव्हता. पण चिडला. म्हणाला, ताई, हे बघा, तुमच्याच घरात आहे हे, आम्ही किती वेळा सांगायचं? शेवंती उठून उभी राहिली. तिच्या अंगात त्राण नव्हतं, पण म्हणाली, नाय साहेब, मी दर सोमवारी घासतंय, ह्या बायेक इचारा. आणि माझ्याकडे बोट केलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी विचारलं, “काय हो, या घासतात का दर आठवड्याला?”

आणि मी — तुमच्याशी बोलतेय ना, अगदी ह्याच मराठीत — म्हणाले, “मी काही बघितलं नाही, साहेब.”

मी बघितलं नव्हतं हे खरंच की! ऐकलं होतं. वर्षानुवर्षं ऐकलं होतं. ज्या मंगळवारी ताप आला त्याच्या आदल्या दिवशी, श्रावणी सोमवारी, उपाशीपोटी ती घासत होती तेही ऐकलं होतं, आणि ओरडलेही होते तिच्यावर. पण ती घासत होती म्हटलं तर पिंप सुटतं. पिंप सुटलं तर साहेब विचारणार, मग मच्छर आले कुठून? आणि माझ्या होडीखालची वाळू अजून ओली होती.

शेवंतीने मला शिवी दिली असती, माझे केस उपटले असते तर बरं झालं असतं. तिने फक्त माझ्याकडे बघितलं, मग पिंपाकडे बघितलं आणि खाली बसली. तिला वाटलं, ही खोटं कशाला बोलेल? हिने बघितलं नाही म्हणजे आपलंच काही तरी राहून गेलं असणार. मला ते तिच्या तोंडावर दिसलं. माझ्या डोळ्यांदेखत ती स्वतःवर उलटली.

तिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी. तो खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभा होता. भर माणसांत तो तिला म्हणाला, “माझा चेडू तुझ्या पिंपान खाल्ल्यान.” मग ते पिंप उचलून त्याने गडग्यावर आपटलं. आता तो बंदरावरच राहतो. चार-आठ दिवसांनी येतो, जेवतो, जातो. बायकोशी बोलत नाही.

त्या वर्षी तिच्या घरी गणपती आला नाही. माझ्या घरी आला. चारही खोल्या भरल्या होत्या. मुलं खळ्यात खेळत होती. मी एकशे एक मोदक केले आणि आरतीला टाळ वाजवले. गडग्यापलीकडे अंधार होता.

बाराव्यानंतर आमच्या ह्यांनी, मला न विचारता, दोन माणसं बोलावून होडी पालथी घातली. तेव्हापासून ती पालथीच आहे. हे रोज समुद्रावर जातात. त्यांना काहीही झालेलं नाही.

शेवंती आता घरात पाणी साठवत नाही. पिंप नाही, हंडा भरलेला नाही. लागेल तसं एकेक कळशी आणते — लांबच्या गोड्या विहिरीवरून, दिवसातून कितीदा. उजवा खांदा वर उचलत नाही तिचा. रिकामी भांडी सगळी पालथी. देवापुढचा गडूसुद्धा रात्री पालथा. आणि गावडेबरोबर वाडीवाडीतून फिरते. लोकांच्या टाक्या बघते, करवंट्या उपडी करते, टायरं मोडून टाकायला लावते. बायकांपुढे उभी राहते आणि सांगते, माझ्या पिंपान माझा चेडू नेल्यान, तुमचा जाव नये. बायका रडतात, घरी जातात आणि पिंप घासतात. सोमवारी सकाळी आता आमच्या अख्ख्या वाडीत खर्रर्र खर्रर्र ऐकू येतं. तिच्या घरातून मात्र येत नाही.

त्यानंतर आमच्या वाडीत कुणाला डेंग्यू झाला नाही. म्हणजे माझ्या खोट्याने वाडीचं भलंच झालं की! असंही मी स्वतःला सांगून बघितलं. तुमचा विश्वास बसेल? एक पूर्ण पावसाळा मी असं सांगत होते स्वतःला.

दोन वेळा म्हटलं होतं ना मी? तेही खरं नाही. तीन.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला मी पालथ्या होडीला हळदकुंकू लावत होते. शेवंती खिंडारातून आली. तिच्या हातात नारळ. दरवर्षी येते ती. ह्या होडीवर तिचा जीव आहे. ही विकू नको हां गो, म्हणते, माझा चेडू हडे बसायचा, हडे हसायचा. दुपारी कधी कधी येऊन होडीच्या पाठीवर हात ठेवून बसते. तिने कुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि उभी राहिली. मी प्रसादाचं खोबरं कापत होते.

ती म्हणाली, “एक इचारू? खरा सांग.”

मी म्हटलं, इचार.

“त्या श्रावणी सोमवारी — तापाच्या आदल्या दिसा — मी पिंप घासलंय काय नाय गो? उपासाच्या गडबडीत रवला असात काय? तू सारखी ओरडायचंस मा माझ्यार. तुका आठवता?”

किती साधं विचारलं! रागाने नाही, संशयाने नाही. तिला फक्त ते एक हवं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, साहेब नाही, पाहुणे नाहीत. हो म्हटलं असतं तर काय गेलं असतं माझं? हो, घासलंस, अर्धा तास घासलंस, मी तुला शिव्या घातल्या, तू आतून काही तरी बोललीस आणि सगळं घुमलं.

माझं तोंड उघडलं होतं. मला वाटलंसुद्धा, की येतंय आता.

“नाय गो,” मी म्हटलं, “माका आठवणा नाय.”

तिने मान हलवली. हात पुढे केला, डावा, उजवा उचलत नाही म्हणून. मी त्याच्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तिने तो डोळ्यांना लावला, कळशी उचलली आणि पाण्याला गेली.